ज्याने स्क्रू निवडला त्याने आधी लोंबकळायचं

"लाल आहे," मी म्हणाले.

"काय लाल?" वरून आवाज आला.

"धूळ, साहेब. तुम्ही भोक पाडताय त्यातून लाल धूळ पडतेय. माझ्या साडीवर, छोटेलालच्या डोक्यावर, त्या पाळण्यात. थांबवा ती ड्रिल."

ड्रिल थांबली नाही. आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष, रेल्वेतले निवृत्त इंजिनिअर दातार साहेब घडीच्या शिडीवर उभे होते. फॉल्स सीलिंगला ताटाएवढं भोक पाडलेलं, त्यात त्यांचा हात खांद्यापर्यंत गेलेला, हातात माझीच ड्रिल, आणि तोंड खिडकीकडे. म्हणजे आपण कशात भोक पाडतोय हे त्यांना दिसायची सोयच नव्हती. गाय अडली की गुरांचा डॉक्टर असा हात घालतो म्हणे. त्याला निदान आत काय आहे ते ठाऊक असतं.

मी लखनौत फिटिंगची कामं करते. आता गुडघ्यांनी नोटीस दिली म्हणून कमी करते, पण करते. पडद्याचे रॉड, गीझर, भिंतीवरची कपाटं, टीव्ही. जे जे टांगायचं असतं ते टांगून देणं. यातलं शिक्षण विचाराल तर शून्य. लग्न होऊन अमरावतीहून इथे आले, नवरा सरकारी बँकेत. क्वार्टरमध्ये आलेला प्रत्येक मिस्त्री पडद्याचा रॉड लावून जायचा आणि रॉड त्याच्या मागोमाग खाली यायचा. शेवटी मीच ड्रिल हातात घेतली. मग शेजारणीचा रॉड, मग तिच्या नणंदेचा गीझर. बायकांच्या जगात कुणाचा गीझर पडला नाही ही बातमी फार लवकर पसरते बघा.

तर धूळ. आमच्या धंद्यातला हा पहिला धडा. भोक पाडताना राखाडी धूळ आली की समजायचं आत काँक्रीट आहे. लाल आली की वीट. पांढरी आली तर प्लास्टर, चुना, नाहीतर गोमती नगरच्या नव्या फ्लॅटमध्ये लावतात ते हलके पांढरे ब्लॉक. आत काय आहे ते कळल्याशिवाय स्क्रू निवडायचाच नाही. पण लोक स्क्रू आधी निवडतात, आणि भिंतीने नंतर त्याच्याशी जुळवून घ्यावं अशी त्यांची अपेक्षा असते. आपल्याकडे लग्नंही अशीच जमतात, पण ती सहसा डोक्यावर पडत नाहीत.

गोमती नगरात एक साहेब होते. भलामोठा टीव्ही आणलेला. मला म्हणाले, "आंटी, सबसे मज़बूत वाला लगाइए. स्टील का." त्यांना हवा होता अँकर फास्टनर. हा एक पोलादी बोल्ट असतो, भोकात घालून आवळला की आत फुगतो आणि भोकाच्या कडा दाबून धरतो. काँक्रीटमध्ये फुगला तर हत्ती बांधा. त्या हलक्या ब्लॉकमध्ये फुगला की ब्लॉकलाच तडा जातो. तिथे लांब नायलॉनची गिट्टी बरी. गिट्टी म्हणजे भोकात आधी बसवायची ती प्लास्टिकची नळी. तिच्यात स्क्रू फिरवला की ती सगळीकडून थोडी थोडी फुगते, ब्लॉकला त्रास न देता. हे सगळं त्यांना समजावलं. ते म्हणाले, "वो प्लास्टिक है, आंटी. स्टील मतलब स्टील." मग मी माझा नियम सांगितला. ज्याने स्क्रू निवडला त्याने आधी लोंबकळायचं. टीव्ही नंतर. साहेबांनी ब्रॅकेटच्या जागेकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, आणि म्हणाले, "आप जो ठीक समझें."

हा नियम मी गिऱ्हाइकाला लावते, मिस्त्रीला लावते, स्वतःलाही लावते. माझ्या वजनाला फसवेल असा स्क्रू अजून भेटलेला नाही.

आता पाळण्याकडे येते.

लखनौतल्या मराठी माणसांचा एक पाळणा आहे. सागवानी, पितळी साखळ्यांचा, दोन माणसांनी उचलायचा. इथे जन्मलेल्या मराठी मुलाचं बारसं त्याच पाळण्यात होतं, अशी पद्धत. त्यात झोपलेल्यांतले कित्येक आता आजोबा आहेत. पूर्वी मंडळाचे कार्यक्रम मानक नगरच्या कॉलनीतल्या एका खोलीत होत. तिथे छत ओततानाच कुणीतरी शहाण्याने लोखंडी कडं सोडलं होतं. पाळणा अडकवा, गाणी म्हणा, पेढे खा, घरी जा. मग ती खोली गेली. अमीनाबादच्या एका गल्लीत, कापडाच्या गोदामाच्या वर, एका सभासदाने हॉल वापरायला दिला. जुनी इमारत, वरून नवं पांढरंशुभ्र फॉल्स सीलिंग. कडं मात्र नाही.

आणि उद्या सकाळी मुग्धाच्या मुलाचं बारसं.

मुग्धा आमच्यातलीच, पण लखनौत जन्मलेली. मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत देते. पहिलंच मूल. तिने सरळ सांगितलं होतं, "स्टैंड वाला झूला ले आते हैं ना, ज़मीन पर रखने वाला. बाज़ार में मिलता है." त्यावर मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जो काय गदारोळ झाला! परंपरा, संस्कृती, आपण परमुलखात आहोत, आपणच नाही जपणार तर कोण जपणार. पोर बिचारी गप्प बसली. तिच्या सासूबाईंनी तर तिच्या वतीने माफीचं, हात जोडल्याचं चित्र ग्रुपवर टाकून दिलं.

मग प्रश्न आला हूकचा. तुम्हाला वाटेल, बारशाला हूक लावायचा तर फिटिंगवालीला विचारतील. मी ग्रुपवर होते. मला कुणी विचारलं नाही. एका शास्त्रज्ञांनी लिहिलं, सेफ्टी फॅक्टर धरा. बँकेतल्या एका साहेबांनी लिहिलं, प्रोसिजरप्रमाणे तीन ठिकाणी चौकशी व्हावी. मध्येच कुणीतरी गुलाबाच्या फुलावर सुप्रभात पाठवलं. आणि शेवटी दातार साहेबांनी जाहीर केलं की काळजी नसावी, मुलाने अमेरिकेहून आणलेले काँक्रीट स्क्रू घरात आहेत. खाली अंगठ्यांची रांग लागली.

काँक्रीट स्क्रू ही चीज उत्तम, बरं का. त्याला गिट्टी लागत नाही. पोलाद इतकं कडक असतं की स्क्रू काँक्रीटमध्ये स्वतःच आटे पाडत जातो. भोक स्क्रूपेक्षा जरासं बारीक पाडायचं, धूळ फुंकून काढायची, आणि एकदाच आवळायचा. छान बसतो. पण नावातच लिहिलंय ना, काँक्रीट! जुन्या मऊ विटेत तो आटे पाडत नाही, विटेचं पीठ पाडतो.

तर त्या दुपारी मला बोलावलं होतं ते फक्त ड्रिल आणायला. मी माझ्या छोटेलालला घेऊन पोचले. हा माझा जुना मिस्त्री. दातार साहेबांनी ड्रिल घेतली आणि वर चढले, आणि मग लाल धूळ.

"प्लास्टर असेल," साहेब शिडीवरून म्हणाले.

"प्लास्टर लाल असतं का?"

"काकू, हा स्लॅब आहे. स्लॅब म्हणजे काँक्रीट. मी आयुष्यभर रेल्वेचे पूल बघितलेत."

"पूल बघितलेत, मान्य. हे छत बघितलंत का? जरा ते सीलिंग मोठं कापा, बॅटरी मारून बघू."

"सीलिंगला हात लावायचा नाही. मालकांना शब्द दिलाय, ताटाएवढंच भोक."

झालं. शब्द दिल्यावर काय, बॅटरीचा प्रश्नच मिटला. साहेबांनी चार भोकं पाडली, लोखंडी प्लेट लावली आणि स्क्रू फिरवायला घेतले. पहिला फिरला. फिरतच राहिला. काँक्रीट स्क्रू नीट बसत असला की शेवटी हाताला जोर लागतो, तो नवऱ्यासारखा अडून बसतो. हा पंख्यासारखा फिरत होता.

"बसला!" साहेब म्हणाले.

"साहेब, तो बसला नाही, तो फेऱ्या मारतोय."

आता छोटेलालला राहवलं नाही. आमच्या छोटेलालचं स्क्रूबद्दल एक स्वतंत्र तत्त्वज्ञान आहे. स्क्रू हा मुळात खिळाच असतो, फक्त त्याला डोक्यावर खाच दिलेली असते. त्यामुळे तो स्क्रू हातोडीने ठोकतो आणि शेवटचा अर्धा फेरा पेचकसने देतो, माझी नजर चुकवून. तो म्हणाला, "साहब, माचिस की तीली डाल दीजिए छेद में. टाइट हो जाएगा."

मला वाटलं आता इंजिनिअर साहेब याला झाडतील. कसलं काय! साहेब विचारात पडले आणि म्हणाले, "फ्रिक्शन वाढेल. लॉजिक आहे त्यात." इंजिनिअर आणि मिस्त्री यांचं एकमत माझ्या सगळ्या आयुष्यात मी त्या एका वेळी बघितलं, आणि ते काडेपेटीवर झालं. काड्या भोकात गेल्या, स्क्रू वर चढले, प्लेट बसली. प्लेटला साखळी, साखळीला हूक. साहेब खाली उतरले, हात झटकले. रुमाल लाल झाला, तो त्यांनी घडी करून खिशात ठेवला.

तोवर कमिटीचे लोक जमले होते. उद्याच्या तयारीला म्हणून आलेले. मी सगळ्यांना सांगितलं, हा हूक चालणार नाही. भिंतीवर टांगलेलं वजन स्क्रूला खाली वाकवायला बघतं, तिथे थोडंफार निभतं. छताला टांगलेलं वजन स्क्रूला सरळ उपटायला बघतं, आणि पाळणा तर हलणार, झोके घेणार. आत वीट आहे, चुना आहे, काड्या आहेत. यात माझी ड्रिल आहे, माझं नाव नको.

दातार साहेब रागावले. रागावले की ते फार शुद्ध बोलतात. "आपण लोकशाही मार्गाने जाऊ. हूक सुरक्षित आहे असं ज्यांचं मत आहे त्यांनी कृपया हात वर करावेत."

हात वर झाले. शास्त्रज्ञांचा झाला, बँकेचा झाला, सुप्रभातवाल्यांचाही झाला. मुग्धाच्या सासऱ्यांनी आधी इकडेतिकडे बघितलं आणि मग केला.

"ठराव मंजूर," साहेब म्हणाले.

"छताला कळवलंत का?" मी विचारलं.

दारात मुग्धा उभी होती. बाळाला खांद्यावर घेऊन हॉल बघायला आली होती, आणि हात वर होताना तिने बघितले होते. ती सरळ माझ्याकडे आली.

"काकू, आप बस इतना बता दीजिए. गिरेगा कि नहीं?"

आता बघा, मंडळात मला राहायचं होतं. संक्रांतीचं हळदीकुंकू याच लोकांत, कोजागिरी याच लोकांत. मी म्हटलं, "मुग्धा, माझं मत राहू दे. माझा एक नियम आहे. ज्याने स्क्रू निवडला त्याने आधी लोंबकळायचं. इथे तर कमिटीने निवडलाय. तेव्हा सगळ्यांनी एकेक करून हूकला लटकावं. मग बाळाला ठेव खुशाल."

काय सांगू तुम्हाला, त्या हॉलमध्ये एका क्षणात किती आजार निघाले! शास्त्रज्ञांना स्पॉन्डिलायटिस. बँकेच्या साहेबांचा खांदा धरलेला. सुप्रभातवाल्यांचं बीपी, आणि गोळी घरी राहिलेली. मुग्धाचे सासरे म्हणाले, "अहो, हूक पाळण्यासाठी आहे, माणसांसाठी नाही."

मुग्धा वळली. "पापाजी, तो मेरा बेटा क्या है?"

इतकंच बोलली. आवाज चढवला नाही, काही नाही. बाळ झोपलेलं, ते मात्र नेमकं त्या वेळी कुरकुरलं. सगळे फरशीकडे बघायला लागले. फरशी काही बघण्यासारखी नव्हती.

तेव्हा दातार साहेबांनी घड्याळ काढलं.

त्यांचं एक मला आवडलं, आजही आवडतं. अडेलतट्टू माणूस, पण आपल्या मताला लटकायची तयारी. घड्याळ काढून बायकोकडे दिलं, चष्मा दिला, बाह्या सरसावल्या. मी आणि छोटेलालने बैठकीच्या सगळ्या गाद्या ओढून हूकखाली रचल्या. साहेब म्हणाले, "याची आवश्यकता नाही." मी म्हटलं, "असू द्या, परंपरा समजा."

ते गादीवर चढले, दोन्ही हातांनी हूक धरला आणि पाय उचलले.

आधी एक खरखर ऐकू आली. मग चुन्याची बारीक धार पडली. साहेबांना म्हणायचं होतं, "बघा," पण त्यांचं "ब" वर झालं आणि "घा" गादीवर. प्लेट, साखळी, अर्धी वीट, काड्या आणि फॉल्स सीलिंगचा मोठा तुकडा, सगळं त्यांच्या आजूबाजूला येऊन पडलं. हॉलभर लाल ढग. बायका ओरडल्या. मुग्धाने बाळाचं डोकं छातीशी दाबून धरलं आणि मागे सरली. साहेब उताणे पडून होते.

"साहेब, लागलं का?"

"ओव्हरलोड," ते वर बघत म्हणाले.

छोटेलाल माझ्या कानाशी कुजबुजला, "तीली कम पड़ गई." त्याला मी कोपराने गप्प केलं.

साहेब तरी उठेनात. मला घोर लागला, पाठीला काही झालं की काय. जवळ गेले तर ते छताकडे बोट करत होते, आणि चेहरा असा की लहान मुलाला खेळणं सापडावं. "काकू, चष्मा! अहो, हा गर्डर आहे!"

सीलिंग फाटल्यामुळे आता सगळं दिसत होतं. जुन्या पद्धतीचं छत. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लोखंडी गर्डर, आणि दोन गर्डरांच्या मधे विटांच्या कमानी, चुन्यात बसवलेल्या. काँक्रीटचा थेंब नाही. आमचा हूक कमानीच्या बरोबर मधोमध मारला होता. गर्डर तिथून हातभर अंतरावर, इतकी वर्षं अख्खं छत उचलून उभा.

मग साहेब जे सुटले! लोखंडाला लोखंड कसं धरतं हे त्या माणसाने आयुष्यभर बघितलेलं. निमंत्रणपत्रिकेच्या मागे त्यांनी दोन रेघांत चित्र काढलं. गर्डरच्या खालच्या पट्टीला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारख्या धरणाऱ्या दोन जाड पट्ट्या, बोल्टने एकमेकींना आवळलेल्या, खाली कडं. भोक नाही, गिट्टी नाही, स्क्रू नाही. मी फक्त एवढं सांगितलं की नटाखाली स्प्रिंग वॉशर घाला आणि वर दुसरा नट आवळा, झोक्याने बोल्ट ढिला होतो. साहेब म्हणाले, "करेक्ट." त्यांच्या तोंडून मला मिळालेला तो पहिला आणि शेवटचा करेक्ट. गल्लीतल्या वेल्डरने दिवेलागणीच्या आत क्लॅम्प करून दिला. छोटेलालला मी हातोडी खालीच ठेवायला लावली.

क्लॅम्प बसला, त्याच्या कड्यात तीच साखळी आणि हूक अडकवला. सगळे म्हणाले, वा. आणि पाळण्याच्या साखळ्या अडकवायला पुढे झाले.

"रुकिए," मुग्धा म्हणाली.

"आता काय बेटा? आता तर लोखंडाला लोखंड आहे," सासरे म्हणाले.

"पहले वो लोग लटकेंगे जिन्होंने हाथ उठाया था."

दातार साहेब आधीच घड्याळ काढत होते. ते लोंबकळले, छानपैकी, पाय हलवून वगैरे. त्यांच्या मागून शास्त्रज्ञ गेले, त्यांचा स्पॉन्डिलायटिस वाटेत कुठेतरी बरा झाला. बँकेचा खांदा सुटला. सुप्रभातवाले गोळीशिवाय लटकले. मुग्धाच्या सासऱ्यांची पाळी आली तेव्हा ती स्वतः त्यांचा चष्मा धरून उभी राहिली, आणि "थोड़ा और, पापाजी, झूलिए भी," म्हणाली. मीही लटकले. क्लॅम्प हलला नाही. छत मात्र माझ्या वेळी जरा विचारात पडलं असावं.

दुसऱ्या दिवशी बारसं झालं. मुग्धाने बाळाला पाळण्यात ठेवलं, एकदा वर बघितलं, आणि हात काढून घेतला. गाणी झाली, नाव ठेवलं, पेढे झाले. फाटक्या सीलिंगमधून गर्डर सगळ्या फोटोंत आलाय. हॉलच्या मालकांना साहेबांनी काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण ते सीलिंग पुढे आम्ही काढूनच टाकलं.

त्यानंतरच्या बारशाला त्या मुलाची आई आली आणि पाळणा बांधायच्या आधी म्हणाली, "लटकणार कोण?" दातार साहेब उठले. त्याच्या पुढच्या वेळीही उठले. मग दर वेळी असंच होऊ लागलं. गुरुजी आता सामानाच्या यादीच्या शेवटी विचारतात, अध्यक्ष आलेत का. परवा एका बारशाला पुण्याहून पाहुणे आले होते. सत्तरीच्या पुढचा एक माणूस कोट काढून छताला लोंबकळतोय आणि खाली बायका हळदकुंकू घेऊन थांबल्यात, हे बघून त्यांनी आमच्या शास्त्रज्ञांना विचारलं, हे काय?

"आमच्याकडची फार जुनी प्रथा आहे," शास्त्रज्ञ म्हणाले. "विदर्भातून आलेली."

मी अमरावतीची. मी गप्प बसले. कशाच्या का नावाने होईना, हूक तपासला जातोय. आमच्या धंद्यात तेवढं पुरतं.